मुलांचं मानसिक आरोग्य आणि सरकारी आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चार-पाच पालक आणि दोन रिटायर्ड मास्तर मिळून आमच्या तालुक्यातल्या मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल जे काही सरकारी आकडे हाताला लागतात ते गोळा करतो. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि दरवेळी नव्याने टाइप करून बोटं दुखायला लागलीत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही, एका पोराचा बाप आहे आणि एक्सेल बऱ्यापैकी येतं, एवढंच क्वालिफिकेशन.

आकडे-बिकडे राहू द्या हो, माझ्या मुलाला आत्ता मदत हवीये.

बरोबर आहे, आधी तेच. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६ ला फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मुलाशी कुणी वाईट वागत असेल, मारहाण वगैरे असेल तर १०९८. आणि मूल जिवाचं बरं-वाईट करायचं बोलत असेल तर "नाटकं करतोय" म्हणून सोडून देऊ नका, त्याला एकटं ठेवू नका, ११२ ला फोन करा नाहीतर सरळ जवळच्या दवाखान्यात घेऊन जा. हे पान कुठं पळून जात नाही, नंतर वाचा.

तुम्ही या भानगडीत पडलात कसे?

मुलगा तिसरीत असताना शाळेतून रोज एक तक्रार. बसत नाही, लिहीत नाही, दुसऱ्याच्या वहीवर रेघोट्या मारतो. आधी आम्ही रागावलो, मग नजर काढली, मग ट्यूशन बदलली (हे सगळ्यांचं याच क्रमाने होतं असं आता कळलंय). शेवटी पुण्याला नेलं तेव्हा कळलं की त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंगात स्थिरता नाही, यात त्याचा मस्तीखोरपणा नाही आणि आमच्या संस्कारांचाही काही संबंध नाही.

नंतर कुणीतरी म्हणालं की शाळेत दरवर्षी सरकारी तपासणी होते, तिथं का नाही कळलं? म्हणून माहिती अधिकारात तालुक्याच्या तपासणीचे कागद मागवले. झेरॉक्स आली. दातांची कीड, रक्त कमी, नजर कमी, सगळीकडे भरपूर आकडे. खाली अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन, गणितात अडकणं): ०. एडीएचडी: ०. स्वमग्नता (ऑटिझम): ०. वर्ष तेच होतं ज्या वर्षी मुलगा त्याच तालुक्यातल्या शाळेत तिसरीत होता. म्हणजे आमचं पोरगं त्या शून्यात होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे, शून्य बॉलपेनने जरा मोठं काढलंय.

शून्य लिहिलंय म्हणजे कुणीतरी खोटं लिहिलं का?

नाही, आणि इथंच बहुतेक लोक चुकतात, लगेच कुणाला तरी चोर ठरवायला निघतात. ही तपासणी ज्यात होते तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतो, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं असतं. यादीत जन्मजात दोष, आजार, पोषणाच्या कमतरता आणि विकासातले विलंब असे चार गट आहेत, आणि त्या चौथ्या गटात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, एडीएचडी हे सगळं लिहिलेलं आहे. कागदावर योजना चांगलीच आहे.

पण तुम्ही विचार करा, गाडी सकाळी शाळेत येणार, शेकड्याने पोरं रांगेत, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार मिनिटं, तेवढ्यात दात दिसतात, डोळ्याखालची पापणी ओढली की फिकटपणा दिसतो, पण पोरगं रोज दुपारच्या तासाला काय करतं किंवा "ब" आणि "भ" मध्ये अडकतं का, हे कसं दिसणार? ते बाईंना माहीत असतं, आईला माहीत असतं. त्या दोघींना कुणी विचारलं नाही तर रकाना रिकामा राहतो आणि रिकामा रकाना वर पाठवता येत नाही म्हणून तिथं ० लिहिलं जातं. म्हणून पहिला नियम: ० दिसलं की विचारायचं, बघून ० आहे की न बघता ०?

असे आकडे मिळतात कुठं कुठं?

शाळेची पटसंख्या, शिक्षक, दिव्यांग मुलांची संख्या हे यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर मिळतं, प्रत्येक शाळेचा ११ आकडी कोड असतो, तो टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) जिल्हावार आहे, त्यात मानसिक आरोग्याचा वेगळा भाग नाही पण मुलांवर ताण कुठून येतो ते आडून कळतं. उदाहरणार्थ महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं, आणि परभणीत हाच आकडा ४८ टक्के. आता परभणीत किशोरवयीन मुलींसाठी समुपदेशनाची सोय किती असायला पाहिजे हे ठरवायला आणखी कुठला सर्व्हे पाहिजे तुम्हाला?

एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला देशभरातल्या ३ लाख ७९ हजारांवर विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली होती, त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. आत्महत्यांचे आकडे एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) देतं, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. आणि जे खरं कामाचं असतं, म्हणजे तालुक्याची रजिस्टरं, मासिक अहवाल, किती पदं मंजूर किती भरलेली, ते कुठल्याच पोर्टलवर नसतं, ते मागावं लागतं.

महाराष्ट्रात किती मुलांना मानसिक त्रास आहे, एक आकडा सांगा ना.

सांगतो, पण त्यात गंमत आहे. सगळे जण ७.३ टक्के म्हणतात, १३ ते १७ वयोगटातला. हा आकडा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, छत्तीसगड होतं, आणि महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या शेजारच्या तीन राज्यांत मोजून गेले आणि आपण राहिलो. त्यामुळे "महाराष्ट्रातल्या ७.३ टक्के मुलांना" असं कुणी भाषणात म्हणालं की समजायचं, रिपोर्ट उघडून बघितलेला नाही.

तरी हा आकडा अंदाजाला वापरता येतो, फक्त अंदाज आहे हे सांगून वापरायचा. समजा तालुक्यात १३ ते १७ वयाची २०,००० मुलं आहेत. ७.३ टक्के म्हणजे १,४६०. आता समजा जिल्ह्याची मानसिक आरोग्याची टीम तुमच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा येते, वर्षाचे १२ दिवस, दिवसाला ३० पेशंट तपासले तरी ३६०, आणि त्यात मोठी माणसंही आली, दारूची व्यसनं आली, म्हातारपणाचा विसराळूपणा आला. म्हणजे १,४६० मधली बरीचशी पोरं टीमच्या समोर बसणंच शक्य नाही, मग डॉक्टर कितीही चांगला असो. हे गणित आम्ही एका बैठकीत फळ्यावर खडूने केलं होतं, पीपीटीपेक्षा जास्त चाललं.

मुलांची संख्या कुठून आणायची, तर जनगणना २०११ ची आहे, त्या वेळी जन्मलेली पोरं आता हायस्कूलला पोचलीत, म्हणून यूडायसची पटसंख्या घ्या. शाळाबाह्य मुलं त्यात येत नाहीत, ऊसतोडीला गेलेली पोरं पटावर असतात पण वर्गात नसतात, हे तळटीपेत लिहून टाका.

"विद्यार्थी आत्महत्यांमध्ये महाराष्ट्र नंबर वन" ही बातमी खरी का?

आकडा खरा, मथळा अर्धवट. एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यात महाराष्ट्रातले १,७६४, सगळ्या राज्यांत जास्त. आदल्या वर्षी १,८३४ होते. पण आपलं राज्य लोकसंख्येनेही मोठं आहे. सगळ्या वयाच्या आत्महत्या धरल्या तरी संख्येत महाराष्ट्र वर होता (२२,७४६), पण दर लाख लोकांमागे बघितलं तर आपला दर १८.१ आणि सिक्कीमचा ४३.१. म्हणून संख्या आणि दर दोन्ही बघायचं, एकच दाखवणारा माणूस तुम्हाला घाबरवतोय नाहीतर गुंडाळतोय.

आणखी दोन गोष्टी. "विद्यार्थी" हा रकाना व्यवसायाच्या तक्त्यात येतो आणि "१८ वर्षांखालील" वयाच्या तक्त्यात, दोन्ही वेगळे आहेत, कॉलेजची २१ वर्षांची मुलगी पहिल्यात आहे दुसऱ्यात नाही, आणि शाळा सोडलेला १६ वर्षांचा मुलगा उलट. लोक सर्रास एकाच वाक्यात दोन्ही मिसळतात. दुसरं म्हणजे कारणाचा रकाना पोलिसांच्या तपासावरून भरला जातो. "परीक्षेत नापास" असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यामागं आधीची दोन वर्षं काय चाललं होतं ते त्या एका शब्दात मावत नाही. जीव देण्यामागं सहसा एकच कारण नसतं, त्यामुळे त्या रकान्यावरून "परीक्षाच बंद करा" किंवा "मोबाइलच काढून घ्या" असले निष्कर्ष काढू नका.

हा अहवाल तालुक्यापर्यंत येतच नाही, राज्य आणि मोठी शहरं एवढंच. तालुक्याचे आकडे मागण्यापूर्वी खालचा प्रायव्हसीचा प्रश्न वाचा.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा? आमचा दोनदा परत आला.

कारण तुम्ही "का" विचारलं असणार. "आमच्या तालुक्यात समुपदेशक का नाही?" याला जनमाहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधील नाही, त्याच्या कपाटात जो कागद आहे तो द्यायला बांधील आहे. म्हणून कागद मागा. आमचा चाललेला नमुना:

"एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या कालावधीत अमुक तालुक्यातील राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पथकांनी सादर केलेल्या मासिक अहवालांच्या छायांकित प्रती मिळाव्यात. मुलांची नावे, पत्ते व ओळख पटेल असा तपशील वगळून द्यावा."

शेवटचं वाक्य विसरू नका, एक तर ते नैतिकदृष्ट्या बरोबर आहे आणि दुसरं म्हणजे "वैयक्तिक माहिती आहे" म्हणून नकार द्यायची वाट तिथंच बंद होते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे, त्यामुळे आरोग्य, शिक्षण, बजेट सगळं एकाच अर्जात कोंबलं की परत येतो. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, झेरॉक्सला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. चुकीच्या ऑफिसला गेला असेल तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

आणि कागद खूप असतील तर आधी बघायला जा. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी ३ ते ५ अभिलेख बघायला मिळतात, तसा शासनाचा निर्णय आहे. एका ऑफिसात आम्हाला सांगितलं असं काही नसतंच. दुसऱ्या सोमवारी निर्णयाची प्रिंट घेऊन गेलो तर चहा मिळाला. रजिस्टर मात्र तिसऱ्या सोमवारी.

नेमकं मागायचं काय? खूप गोष्टी आहेत.

आम्ही आता चारच मागतो. किती मुलं सापडली, किती पुढं पाठवली, त्यातली किती पोचली, आणि नंतर पुढच्या तपासणीला किती परत आली. पहिल्या दोनचे कागद सगळीकडे मिळतात कारण वरून तेच आकडे विचारले जातात, शिबिरं किती, तपासण्या किती, रेफर किती. तिसऱ्यापासून बोंब. पथकाने चिठ्ठी दिली "जिल्हा रुग्णालय, शीघ्र हस्तक्षेप केंद्र", आईने ती डब्यात ठेवली, मजुरीचा दिवस बुडवून दोन एसट्या बदलून जायचं, तिथं म्हणणार डॉक्टर गुरुवारी असतात. पण कागदावर ते मूल "संदर्भित" झालं, यादीतून उडालं, सिस्टमच्या दृष्टीने काम संपलं.

यासोबत पदांचा कागद घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मंजूर पदं किती, भरलेली किती. आणि गटसाधन केंद्रात (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकायला मदत करणारे, विशेष शिक्षक किती, त्यांच्याकडे शाळा किती.

दहावीच्या सवलतींचा यात काय संबंध?

हा माझा आवडता आकडा आहे आणि तो कुणी बघत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्ड जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती देतं, महाराष्ट्रात हे १९९६ पासून आहे, पुढं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही आल्या. बोर्डाची नऊ विभागीय मंडळं आहेत. विभागवार सवलती घेणाऱ्यांची संख्या मागवा आणि एकूण परीक्षार्थींनी भागा. अक्षर-अंकात अडकणारी पोरं काही शहर बघून जन्माला येत नाहीत, त्यामुळे दोन विभागांत फार तफावत दिसली तर तो फरक सर्टिफिकेट कुठं मिळतं त्याचा आहे, मुलांचा नाही. (उलटी बाजूही आहे, काही ठिकाणी मार्कांसाठी सर्टिफिकेट काढणारे पालक असतात, ते आपल्याला माहीत नाही असं नको भासवूया.)

सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा उपयोग होतो का?

होतो, चांगलाच. २५ जुलै २०२५ च्या निकालात कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल १५ निर्देश दिले, शाळा, कॉलेज, कोचिंग, हॉस्टेल सगळ्यांना. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती, आणि संस्थांनी नावं न टाकता नोंदी ठेवून वार्षिक अहवाल द्यायचा. आता यातून आपोआप तीन कागद तयार होतात जे मागता येतात: समिती स्थापनेचा आदेश, बैठकींची इतिवृत्तं, आणि समुपदेशक नेमल्याची यादी. एका पोराच्या नावाला हात न लावता जिल्ह्यात काय चाललंय ते कळतं. लातूर, नांदेडसारख्या ठिकाणी जिथं पोरं बाहेरगावाहून क्लासला येऊन राहतात, तिथल्या पालकांनी तर हे मागायलाच पाहिजे.

आकडे घेऊन जायचं कुणाकडे?

पेपरवाल्याकडे सगळ्यात शेवटी. आधी शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात आणि तरी आपण तिथं फक्त खिचडीवर बोलतो. मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी. पैशाची मागणी असेल तर जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीच्या आधी जा, नंतर नाही. कागद एकच पान ठेवा. "मानसिक आरोग्याकडे लक्ष द्या" असं लिहिलं तर सगळे मान डोलावतात आणि काहीच होत नाही, "ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकाऐवजी दोन दिवस टीम यावी, त्यातला एक फक्त मुलांसाठी" असं लिहिलं तर साहेबांना हो किंवा नाही म्हणावं लागतं.

पोरांना लेबल लावताय असं नाही का होत?

ही भीती खरी आहे. आम्ही मोजणी मागितल्यावर एका शाळेने उत्साहात वर्गातली "मंद मुलं" अशी यादीच फलकावर लावली. ती यादी आम्ही स्वतः जाऊन काढली. आकडा मागायचा तो सोयींचा, मुलांचा जाहीर हिशोब नको.

प्रायव्हसीचं काय करता?

आकडा १० पेक्षा कमी असेल तर आम्ही "१० पेक्षा कमी" एवढंच लिहितो, आणि गावाचा आकडा बाहेर देतच नाही, तालुका किंवा बीटचा (म्हणजे काही गावांच्या गटाचा) देतो. नाव काढलं की झालं असं वाटतं पण "वय १४, मुलगी, अमुक वस्ती" एवढ्यावर गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा घर दाखवतं. बेरजेतून वजाबाकी करूनही कळतं, पाच गावांचे आकडे दिले आणि सहावं झाकलं पण खाली एकूण लिहिलं, तर झाकून काय उपयोग? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही, आणि बालन्याय कायद्यात संबंधित मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. शिबिराचे फोटो स्टेटसला टाकणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

बाहेरच्या देशांत कसं करतात?

अमेरिकेत १९९१ पासून साधारण दर दोन वर्षांनी हायस्कूलच्या मुलांनाच निनावी प्रश्नावली देतात. २०२१ मध्ये ४२ टक्के मुलांनी सतत उदास वाटत असल्याचं सांगितलं, २०२३ मध्ये ४०. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य सेवांचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. तिथं सगळं छान चाललंय असं अजिबात नाही, वेटिंग लिस्टवरून तिथं कायम ओरड असते, पण ओरडायला हातात आकडा असतो.

मला एक्सेल येत नाही.

दुरेघी वही घ्या.

एवढं करून फरक पडला का काही?

मोठा नाही. समुपदेशकाचं पद अजून रिकामंच आहे. एक गोष्ट झाली, आम्ही तो तिसरा प्रश्न (पाठवलेल्यातली किती पोचली) इतक्या वेळा विचारला की पथकातल्या एका सिस्टरने स्वतःच्या रजिस्टरला पट्टीने एक जादा रकाना आखला आणि वर लिहिलं "गेले का". छापील फॉर्ममध्ये तो नाही, वर कुठंही जात नाही. पण आता महिन्याच्या शेवटी सिस्टर गावोगावच्या आशाताईंना फोन करून विचारतात की अमक्याची आई गेली का जिल्ह्याला, आणि नसेल गेली तर गुरुवारचं आठवण करून देतात.

तुमची एक्सेल फाइल मिळेल का?

कोरी मिळेल, रकाने तयार आहेत, मेसेज करा. भरलेली नाही देणार. त्यात दोन गावं अशी आहेत जिथं आकडा १ आहे, आणि तो १ कोण हे त्या गावात सगळ्यांना माहीत आहे.